उद्योगवीर वालचंद हिराचंद

मुंबईच्या उपनगरांत अंधेरीहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर साकीनाका नावाचे एक गजबजलेले ठिकाण आहे. येथे निरनिराळ्या दिशांनी येणारे रस्ते एकमेकांस मिळतात. २०१४ सालापासून या रस्त्यावरून उंच पुलावर मेट्रोगाडी धावू लागली. खाली मात्र आजही लहान लहान गाळ्यांची दाट वस्ती आहे. कोठे लेथवर लोखंड कातले जाते, कोठे पत्रा ठोकला जातो, तर कोठे वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात.

अशा एखाद्या गाळ्यात कधीकधी एक जुनी, छोटी मोटार लाकडी ठोकळ्यांवर चढविलेली दिसते. तिची चाके काढून भिंतीशी टेकविलेली असतात. पुढच्या स्प्रिंगा, धक्के सोसणाऱ्या नळ्या आणि सुकाणूच्या दांड्या फडक्यावर ओळीने मांडलेल्या असतात. कारागीर त्यांतील एकेक भाग रॉकेलने धुतो, बोटाने चाचपून पाहतो, मापतो आणि बाजूस ठेवतो. ही मोटार म्हणजे मुंबईकरांची जुनी सोबतीण फियाट होय. पुढे हीच मोटार प्रीमिअर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने कित्येक वर्षे मुंबईची सेवा केली.

ज्या कारखान्यात ही मोटार तयार होत असे, तो साकीनाक्यापासून फार दूर नव्हता. कुर्ल्यास आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या परिसरात तो होता. आता तेथे भोंगा वाजत नाही. कारखान्याच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. परंतु तेथे घडलेल्या मोटारींचे सांधे अजूनही खोलता येतात, झिजलेले भाग नवे करता येतात आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येते. हे ज्या एका माणसाच्या जिद्दीमुळे शक्य झाले, त्याचे नाव वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे पूर्वज सौराष्ट्रातून येऊन सोलापुरास स्थायिक झाले होते. घराणे जैन धर्माचे असून सावकारी व कापसाचा व्यापार हे त्यांचे व्यवसाय होते. वालचंद अगदी तान्हे असतानाच त्यांची आई वारली. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांचा सांभाळ केला. सोलापुरातील शाळेचे शिक्षण संपल्यावर ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात व पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले. तथापि पदवी मिळण्यापूर्वीच त्यांनी महाविद्यालय सोडले आणि ते घरच्या व्यवसायात आले.

पेढीवर बसून व्याजाचा हिशेब करावा, ही त्या घराची रीत होती. परंतु वालचंदांचे मन त्या कामात रमेना. जे डोळ्यांना दिसते, हातांनी उभारता येते आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या उपयोगी पडते, अशा कामाची त्यांना ओढ होती. याच सुमारास लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांचा संबंध आला. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कामे कशी चालतात याची त्यांना बारकाईने माहिती होती. भांडवल मात्र त्यांच्यापाशी नव्हते. वालचंदांपाशी भांडवल होते, परंतु अनुभव नव्हता. दोघांनी भागी केली. बार्शी लाइट रेल्वेच्या एका फाट्याचे काम त्यांनी मक्त्याने घेतले आणि ते यशस्वी रीतीने पार पाडले.

त्यानंतर कामे वाढत गेली. मुंबई आणि पुणे यांच्यामधील बोरघाटातून रेल्वेमार्ग नेण्यासाठी डोंगर फोडून जे बोगदे काढण्यात आले, त्यांतील मोठे काम वालचंदांच्या कंपनीने केले. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. मोठी बांधकामे परदेशी कंपन्यांनीच करावीत, ही त्या काळातील सर्वसाधारण समजूत होती. ती खरी नसल्याचे वालचंदांनी काम करून दाखविले.

जमिनीवर रूळ टाकणाऱ्या या माणसाची दृष्टी लवकरच समुद्राकडे वळली. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. भारताचा माल भारताच्या किनाऱ्यावरून परदेशी जहाजांतून जात असे आणि त्याचे भाडे परदेशी कंपन्यांच्या हाती पडत असे. १९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे एक जहाज विक्रीस निघाले. वालचंदांनी आपल्या सहकाऱ्यांसह ते विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना केली. त्या जहाजाचे नाव लॉयल्टी असे होते. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबई बंदरातून लंडनच्या प्रवासास निघाले. त्याची आठवण म्हणून भारतात ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जहाज पाण्यात उतरविणे एक वेळ सोपे होते, परंतु ते चालू ठेवणे फार अवघड होते. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडले. नव्या कंपनीस माल मिळू नये, तिने तोटा सोसून दमून जावे, असा त्यांचा डाव होता. अशा दरयुद्धात पूर्वी कित्येक भारतीय कंपन्या बुडाल्या होत्या. वालचंदांनी मात्र पुष्कळ वर्षे तोटा आणि अडचणी सोसून आपली कंपनी तगविली. या लढाईत त्यांना एक गोष्ट मनोमन पटली. जहाज आपले असले, तरी ते बांधण्याचे आणि दुरुस्त करण्याचे ज्ञान परक्यांच्या हाती असेल, तर आपण अर्धेच स्वतंत्र असतो.

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात त्यांनी ओसाड माळावर उसाची शेती व साखरेचा कारखाना उभा केला. ते ठिकाण आज वालचंदनगर या नावाने प्रसिद्ध आहे. साखर कारखान्याची यंत्रे वरचेवर नादुरुस्त होत. प्रत्येक लहानसहान भागासाठी परदेशाकडे तोंड करून बसणे परवडणारे नव्हते. म्हणून तेथेच दुरुस्तीची सोय करण्यात आली. कालांतराने त्याच गावात साखर कारखान्यांची संपूर्ण यंत्रसामग्री तयार होऊ लागली. जो यंत्र खोलतो, त्याला ते कळते. ज्याला ते कळते, तो पुढे ते घडवूही शकतो, याचा दाखला वालचंदनगराने घालून दिला.

मोटारींच्या बाबतीत त्या वेळी देशाची स्थिती काय होती, हे समजून घेतले पाहिजे. मुंबईस शिवडी येथे जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा कारखाना १९२८ साली सुरू झाला होता. परंतु तेथे मोटारी घडविल्या जात नसत. परदेशातून पेट्यांत भरून आलेले तयार भाग येथे फक्त एकत्र जोडले जात. लहान मुले ठोकळे जुळवून घर करतात, तसेच हे काम होते. ठोकळे संपले की घर करणे थांबते. त्याचप्रमाणे परदेशी पेटी आली नाही, की मोटारीचे काम थांबत असे. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची एखादी दांडी मोडली, तरी ती सातासमुद्रांपलीकडून येण्याची वाट पाहावी लागे.

ही परिस्थिती बदलावी असे थोर अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना वाटत होते. भारतात मोटारीचा संपूर्ण कारखाना काढण्याची योजना त्यांनी तयार केली होती. वालचंदांनी ती योजना मनावर घेतली. १९३९ साली ते अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी फोर्ड कंपनीशी बोलणी केली, परंतु ती फळास आली नाहीत. त्यानंतर त्यांनी क्रायस्लर कंपनीशी बोलणे सुरू केले आणि १९४० साली तिच्याशी करार केला.

परंतु तोपर्यंत दुसरे महायुद्ध पेटले होते. कारखान्यासाठी लागणारी यंत्रे परदेशातून आणण्यास सरकारची संमती आवश्यक होती. मोटारींचा कारखाना युद्धासाठी उपयोगी असल्याचे मानावयास ब्रिटिश सरकार तयार नव्हते. त्यामुळे यंत्रे आणण्याची वाटच बंद झाली. रणांगणावर मालमोटारींची निकड होती, त्या चालविणारे भारतीय जवान होते आणि त्या घडविण्यास भारतीय उद्योगपती तयार होता. तरीही परवानगी मिळाली नाही. करार झाला होता, मनुष्यबळ होते, पैसा उभा राहण्यासारखा होता; परंतु कारखाना मात्र कागदावरच राहिला.

वालचंद हात बांधून बसणारे नव्हते. त्याच परदेश प्रवासात त्यांची विल्यम पॉली या विमान-व्यवसायातील अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली होती. त्या ओळखीतून विमानांच्या कारखान्याची कल्पना पुढे आली. म्हैसूर संस्थानाने तीस भरघोस साहाय्य केले आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ साली तेथे तयार झालेले शिकाऊ वैमानिकांचे विमान आकाशात उडाले. त्याच वर्षी जून महिन्यात विशाखापट्टण येथे जहाजे बांधण्याच्या कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली.

परंतु १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत सरकारने विमानांचा कारखाना आपल्या ताब्यात घेतला. स्वतःच्या कष्टाने लावलेले रोपटे दुसऱ्याच्या अंगणात गेलेले पाहण्याची वेळ वालचंदांवर आली. विशाखापट्टणाचे काम जपानी बॉम्बहल्ल्यामुळे विस्कळीत झाले. त्या कारखान्यात बांधलेले जलउषा हे पहिले जहाज १४ मार्च १९४८ रोजी, देश स्वतंत्र झाल्यानंतर, पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. बंगलोरचा विमान-कारखाना हा आज हिंदुस्थान एअरोनॉटिक्स या नावाने देशाचे भूषण ठरला आहे.

एवढे धक्के बसल्यावर दुसऱ्या एखाद्याने मोटारीचा नाद सोडून दिला असता. वालचंदांनी तो सोडला नाही. १९४४ साली त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्यास कारखाना उभा राहिला आणि मार्च १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, त्यातून पहिली मोटार बाहेर पडली. प्रारंभी तेथे डॉज, डिसोटो, प्लिमथ अशा मोठ्या अमेरिकन मोटारी आणि मालमोटारी जोडल्या जात. म्हणजे प्रारंभ जोडणीपासूनच झाला. परंतु जोडणीवर थांबावयाचे नाही, एकेक भाग येथेच घडवीत जावयाचे, हे ध्येय पहिल्यापासून ठरलेले होते.

हे ध्येय किती अवघड होते, हे मोटारीच्या एका लहानशा खिळीवरून ध्यानात येईल. मोटारीचे पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते, ते एका उभ्या, जाड खिळीभोवती. तिला कारागीर किंगपिन म्हणतात. ही खिळी म्हणजे बोटभर जाडीचा पोलादी दांडा. परंतु पुढच्या चाकावर येणारा सारा भार आणि खड्ड्यांचे सारे धक्के तिला सोसावे लागतात. ती नरम असेल, तर लवकर झिजेल. फार कठीण असेल, तर काचेसारखी तडकेल. म्हणून तिचा गाभा चिवट आणि वरची कातडी कठीण असावी लागते. त्यासाठी योग्य जातीचे पोलाद निवडावे लागते. ते लेथवर कातून आकारास आणावे लागते. मग विशिष्ट उष्णतेत ठेवून त्याचे पृष्ठ कठीण करावे लागते. शेवटी केसाच्या जाडीहूनही कमी फरक राहील इतक्या काटेकोरपणे ते घासावे लागते. आणि ही खिळी म्हणजे मोटारीतील शेकडो भागांपैकी फक्त एक!

स्प्रिंगांचीही तीच गोष्ट. मोटारीची चाके खाचखळग्यांतून जात असता आतील माणसांना फारसे हिसके बसत नाहीत, याचे कारण चाके आणि गाडी यांच्यामध्ये स्प्रिंगा असतात. गाडी खड्ड्यात गेली की स्प्रिंग दबते आणि धक्का गिळून टाकते. परंतु दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते, आणि तिला आवर घातला नाही, तर गाडी होडीसारखी डोलत राहील. तो आवर घालण्याचे काम शॉकॅब्सॉर्बर नावाच्या तेलभरल्या नळ्या करतात. नळीतील दट्ट्या हलला, की तेल बारीक छिद्रांतून जोराने जाते. त्यात धक्क्याची शक्ती खर्ची पडते आणि उसळणे शमते.

सुकाणूची यंत्रणा म्हणजे जणू हातात हात घातलेल्या माणसांची साखळी. चालक हातातील चक्र फिरवितो. चक्राच्या दांडीच्या टोकास मळसूत्रासारखे आटे असतात. ते एका बंद पेटीत दुसऱ्या भागास फिरवितात. त्या भागास जोडलेला दांडा हलतो, तो आडव्या दांड्यांना ढकलतो आणि त्या दांड्या दोन्ही चाकांना एकाच वेळी वळवितात. या साखळीतील एकही कडी निसटली, तर चालकाच्या हातात नुसते फिरणारे चक्र राहते आणि गाडी मनास येईल तिकडे जाते. म्हणून सुकाणूचा भाग घडविणाऱ्या कारागिराच्या हाती गाडीत बसणाऱ्यांचे प्राण असतात. असे भाग येथे घडवावयाचे, तर यंत्रांबरोबर चोख काम करणारी माणसेही घडवावी लागतात. कुर्ल्याच्या कारखान्यापुढे हे खरे आव्हान होते.

आपल्या स्वप्नाचे पूर्ण फळ पाहण्याचे मात्र वालचंदांच्या नशिबी नव्हते. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्याच वर्षी त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले. त्यांच्या पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ज्या सालात वालचंदांनी डोळे मिटले, त्याच सालात इटलीतील फियाट कंपनीने ११०० या नावाची एक नवी, सुटसुटीत मोटार जगापुढे आणली. तीच पुढे वालचंदांच्या कारखान्याची ओळख ठरावयाची होती.

वालचंदांच्या आजारपणाच्या काळातच कारखान्याने फियाट कंपनीशी हातमिळवणी केली होती आणि फियाट ५०० ही चिमुकली मोटार कुर्ल्यास जोडली जाऊ लागली होती. १९५४ सालापासून तेथे ११०० ही मोटार तयार होऊ लागली. याच सुमारास स्वतंत्र भारताच्या सरकारने असे धोरण ठरविले, की ज्यांना मोटारीचे भाग टप्प्याटप्प्याने येथेच तयार करावयाचे आहेत, त्यांनीच हा धंदा करावा. नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी आपले कारखाने बंद केले. वालचंदांनी पूर्वीच जो मार्ग धरला होता, तोच आता देशाचा मार्ग ठरला.

मग हळूहळू बाहेरून येणाऱ्या पेट्या कमी होत गेल्या. एका कारखान्याला सारेच भाग घडविता येत नाहीत. त्यामुळे मुंबईच्या उपनगरांत, पुण्यास आणि इतरत्र लहानमोठे पूरक कारखाने निघाले. कोणी स्प्रिंगा करू लागला, कोणी रबरी बुश, तर कोणी नटबोल्ट. पुण्यास १९६१ साली भारत फोर्ज ही कंपनी स्थापन झाली. मोटारींना लागणारे पोलादी भाग तापवून घडविण्याचे काम तिने पुढे मोठ्या प्रमाणावर केले. कुर्ल्याची मोटार १९७२ साली प्रीमिअर प्रेसिडेंट आणि १९७४ साली प्रीमिअर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. नाव बदलले, तरी घडण बहुतांशी तीच होती. म्हणूनच एका गाडीवर हात बसलेला कारागीर दुसरीही डोळे झाकून खोलू शकत असे.

इ. स. २००० च्या सुमारास या मोटारीचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ सालची होती. वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही टॅक्सीच्या सेवेतून निवृत्त झाली. त्या दिवशी अनेक मुंबईकरांना घरातील वडीलधारे माणूस निघून गेल्यासारखे वाटले. तथापि काही हौशी लोकांनी आपल्या घरच्या फियाट जपून ठेवल्या आहेत. त्या गाड्यांना नवजीवन देण्याचे काम जुन्या, जाणत्या हातांना करावे लागते.

साकीनाक्यासारख्या ठिकाणच्या गाळ्यात हे काम कसे चालते, ते पाहण्यासारखे असते. कारागीर प्रथम गाडीचे पुढचे चाक अधांतरी उचलतो. मग चाक वरून व खालून धरून ते हलवून पाहतो. चाक खडखडले, तर तो मदतनिसास ब्रेक दाबून धरावयास सांगतो. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. तरीही ती राहिली, तर किंगपिन झिजली आहे असे तो ताडतो. कोणतेही मोठे यंत्र न वापरता, दोन हातांनी केलेले हे निदान एखाद्या वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखे असते.

त्यानंतर खोलण्याचे काम सुरू होते. पुढची स्प्रिंग दबलेल्या स्थितीत असते. ती बेसावधपणे सोडली, तर बंदुकीच्या गोळीसारखी उडेल. म्हणून ती विशेष हत्याराने आवळून धरतात आणि हलके हलके सैल करतात. गंजलेले नट तेल घालून मऊ करतात. झिजलेली किंगपिन आणि तिच्याभोवतीचे कांस्य धातूचे बुश दाबून बाहेर काढतात. नवा बुश तयार मिळाला नाही, तर शेजारच्या गाळ्यातील लेथवर तो कातून घेतात. नवा बुश बसविल्यावर त्याचे छिद्र इतक्या बेताने मोठे करतात, की खिळी आत सहज फिरेल, परंतु डुगडुगणार नाही.

मागच्या चाकांवरील कमानीसारख्या पाट्यांचे थर सुटे करतात. प्रत्येक पाटा घासून गंज काढतात. वर्षानुवर्षे भार सोसून ज्यांचा बाक सपाट झाला असेल, त्यांस पुन्हा बाक देतात. पाट्यांच्या टोकांचे चिरलेले रबरी बुश बदलतात. सुकाणूची पेटी उघडून तिचे आटे तपासतात, तिच्यात नवे तेल भरतात आणि चक्राचा नुसता फिरणारा खेळ कमी करतात. झिजलेले सांधे तर दयामाया न करता फेकून देतात. कारण सुकाणूच्या सांध्यात केलेली काटकसर जिवावर बेतू शकते. शेवटी सर्व सांध्यांत ग्रीस भरतात आणि पुढची दोन्ही चाके एकमेकांशी योग्य रोखाने आहेत की नाहीत, हे मापून पाहतात.

मग गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरते. कारागीर स्वतः ती रस्त्यावर नेतो. पूर्वी जी गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूस ओढ घेत असे, ती आता दोन बोटांच्या आधाराने सरळ धावते. खड्डा आला, तर एकदा झुकते आणि स्थिर होते. मालकाच्या मुखावर समाधान दिसते आणि कारागीर कळकट फडक्याने हात पुसत पुढच्या कामास लागतो.

वालचंदांचे नाव आज अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. वालचंदनगर हे गाव त्यांच्या नावाने वसले आहे. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास त्यांचे नाव दिलेले आहे. २००४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ही स्मारके उचितच होत. परंतु त्यांचे एक स्मारक साकीनाक्यासारख्या वस्त्यांतील कळकट गाळ्यांतही आहे. त्यावर नाव कोरलेले नाही. तेथे एक कारागीर झिजलेली खिळी उजेडात धरतो, ती कोठे किती खाल्ली गेली आहे हे पाहतो आणि तशीच दुसरी तयार करण्यास बसतो. परदेशातून पेटी येण्याची वाट तो पाहत नाही.